आवाजाचं कच्चं प्रूफ

प्रश्न : ताई, माझे मामा ६१ वर्षांचे आहेत. जन्मापासून त्यांना कमी ऐकू येतं आणि तिशीनंतर नजर आक्रसत गेली. डॉक्टरांनी अशर सिंड्रोम सांगितला. आता कानात यंत्र घालूनही शब्द कळत नाहीत, डोळ्यांना नुसता उजेड कळतो. तीन वर्षांपूर्वी ते ब्रेल शिकले, घरात २० सेलचा ब्रेल डिस्प्लेही आहे (बोटाखाली ठिपके वर-खाली होणारी पट्टी, एका सेलमध्ये एक ब्रेल खूण). मामांना भाषणांचा भारी नाद. टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसून ते वक्त्याचे ओठ वाचायचे. आता घरात कुणी व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप ऐकत असलं की फोनवर हात ठेवतात आणि विचारतात, 'कोण आहे? काय म्हणतंय?' मी तळहातावर बोटानं लिहून सांगते, पण पाच मिनिटांच्या बोलण्यातले चार शब्द पोचतात. फोन बोलण्याचं लिखाण करून देतो म्हणे. ते मराठीत मामांच्या बोटांखाली येईल का?
(एक भाची, कोथरूड)

उत्तर : येईल. आमच्या घरी गेली चार वर्षं येतंय.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तुमच्या मामांसारखाच. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात तो खिळे जुळवायचा आणि मी तिथेच प्रुफं वाचायचे. नजरेची कड काळवंडायला लागली तेव्हाही खिळ्यांच्या पेटीतला 'ळ' कुठल्या कप्प्यात आहे हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. पुढे ब्रेल शिकायला बसला तेव्हा शिकवणाऱ्या बाई आठवड्याभरात म्हणाल्या, 'यांच्या बोटांना अक्षरांची सवय आहे.' दादा आता ६८ वर्षांचा आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्याच्या शेजारी बसून, मुद्रितशोधकाच्या नजरेनं पाहिलेलं आहे.

आधी यंत्रांचं सांगते. समोरासमोरच्या बोलण्यासाठी अँड्रॉइड फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब आहे. गूगलनं ते २०१९च्या फेब्रुवारीत आणलं, अमेरिकेतल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाला सोबत घेऊन. त्यात मराठी आहे. बोलणं ऐकून ते पडद्यावर मजकूर उमटवतं. फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे अंधांसाठी पडदा वाचणारी सोय, तो मजकूर उचलून ब्लूटूथनं जोडलेल्या ब्रेल डिस्प्लेकडे पाठवतं. पूर्वी त्यासाठी ब्रेलबॅक नावाचं वेगळं ॲप घालावं लागे, २०२२पासून ही सोय टॉकबॅकमध्येच आहे. ब्रेलची भाषा कोणती निवडली आहे ते मात्र नक्की बघा. इंग्रजी राहिली असेल तर देवनागरीचा बोटाखाली काहीही अर्थ लागत नाही. मराठी सापडली नाही तर हिंदी निवडा. १९५१ साली ठरलेली भारती ब्रेल आपल्या सगळ्या भाषांना उच्चाराप्रमाणे एकच ठिपके देते, त्यामुळे काम अडत नाही.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं लिखाण करायला आम्ही व्हिस्पर ही प्रणाली वापरतो. ओपनएआयनं ते २०२२च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. भाच्यानं ते आमच्या संगणकावरच बसवून दिलंय, त्यामुळे घरातलं बोलणं घराबाहेर जात नाही. तयार झालेला मजकूर दादा एनव्हीडीए या संगणकाचा पडदा वाचणाऱ्या मोफत स्क्रीन रीडरमधून मराठी ब्रेलमध्ये वाचतो.

यंत्रं जोडायला एक रविवार पुरला. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. आमचे नाना रुग्णालयात होते. चुलतभावानं आवाजी निरोप पाठवला : 'नानांना घरी सोडलं.' यंत्रानं लिहिलं : 'नाना घर सोडलं.' मी बाजारात गेले होते. परत आले तर दादा खुर्चीत ताठ बसलेला, डिस्प्ले मांडीवर, बोटं त्याच ओळीवर. माझा हात लागताच त्यानं विचारलं, 'कोणाशी भांडण झालं? नाना या वयात कुठे गेले?' तासभर तो त्या एका ओळीवर बसून होता. 'नानांना'मधला एक अनुस्वार (ब्रेलमधले पाचवा आणि सहावा हे दोन ठिपके), एक 'ना' आणि 'घरी'ची वेलांटी, एवढंच गळलं होतं.

डोळस माणसानं तोच मजकूर वाचला असता तर निरोप पुन्हा ऐकला असता. नुसतंच ऐकू न येणाऱ्या माणसानं घरातल्यांचे चेहरे पाहिले असते. कुणी हसतंय, कुणी पिशव्या भरतंय, त्यावरून ताडलं असतं. दादाकडे पडताळायला दुसरं काहीच नव्हतं. त्याच्यासाठी ती ओळ म्हणजेच घडलेली गोष्ट. म्हणून मी तुम्हाला कळकळीनं सांगते, यंत्रानं दिलेला मजकूर हे गॅली प्रूफ, म्हणजे चुका काढण्यासाठीचा पहिला कच्चा छाप, समजा. आमच्या छापखान्यात गॅली तशीच छपाईला कधी गेली नाही. ज्याला मूळ ऐकायची काहीच सोय नाही त्याच्या बोटाखाली ती कुणी न तपासता देऊ नका. निदान महत्त्वाच्या निरोपांबाबत तरी.

यंत्र मराठीत कुठे घसरतं ते पाठ झालं की तपासणी भराभर होते. सगळ्यात आधी वाक्याचा शेवट बघा. आपली मराठी नकार शेवटी ठेवते आणि पुण्यात बोलताना 'नाही'चं 'नै' करून तोही गिळते. 'मी उद्या येणार नै' याचं दोनदा 'मी उद्या येणार' झालेलं मी पाहिलंय, आणि दादा दोन्ही दिवस कपडे बदलून वाट बघत बसला. मग आकडे. 'सात' आणि 'साठ' यंत्राला सारखेच वाटतात. औषधाची वेळ आणि पैशांचा आकडा कान लावून तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. नात्यांची नावंही जातात; 'आत्या'चं 'आता' होतं. आणि रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ शांतता असेल तर व्हिस्पर कधीकधी कुणीच न बोललेलं वाक्य घालतं, किंवा एकच वाक्य चार-पाच वेळा लिहितं. हा त्या यंत्राचा माहितीतला दोष आहे. ते शिकवायला ६ लाख ८० हजार तासांचा आवाज वापरला. त्यातलं बहुतेक इंग्रजी, आणि इंग्रजी सोडून बाकीच्या ९६ भाषांच्या स्वतःच्या लिखाणाच्या वाट्याला मिळून १ लाख १७ हजार तास आले. मराठीला त्यातला तुकडाच मिळाला, हे मजकुरावरून रोज जाणवतं.

तपासताना मी तीन गोष्टी करते. बोलणारा बदलला की ओळीच्या सुरुवातीला त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि विसर्गासारखे दोन ठिपके घालते. यंत्र सगळ्यांचं बोलणं एका दमात लिहून काढतं. चार माणसांच्या गप्पा दादाला एकाच माणसाच्या बडबडीसारख्या लागायच्या, आणि त्याला वाटायचं की वहिनी स्वतःशीच वाद घालते आहे. दुसरं, जो शब्द मलाच नीट ऐकू आला नाही त्याच्या आधी प्रश्नचिन्ह घालते. नंतर घातलं तर बोट तोवर शब्दावर विश्वास ठेवून पुढे गेलेलं असतं, हे दादानंच सांगितलं. आणि वाक्यं तोडते. २० सेल म्हणजे किती? 'पाणी आलं नाही' एवढ्याला मधल्या दोन रिकाम्या जागा धरून १३ सेल लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाला आपापला सेल. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण वेगळी, आणि ती अक्षराच्या आधी येते. म्हणजे 'प्रकाश'ला सहा सेल. भाषणातलं एक लांबलचक वाक्य वाचायला दहा-बारा वेळा बटण दाबून ओळ पुढे घ्यावी लागते आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरतो.

समोरासमोरच्या बोलण्यात तपासायला वेळच नसतो. तिथे एक वेगळीच अडचण येते. यंत्र आधी अंदाजानं शब्द लिहितं आणि पुढचं ऐकून मागचं बदलतं. डोळ्यांना ते चालतं. बोटाला कसं लागतं ते मी एकदा डोळे मिटून, दादाच्या हातावर हात ठेवून पाहिलं. तर्जनी 'म'वर होती आणि तिच्याखालचे ठिपके टपकन खाली बसून दुसरेच वर आले. पायरीवर पाय टाकावा आणि पायरीच सरकावी तसं. दादा आता मुद्दाम दोन वाक्यं मागे राहून वाचतो. तोवर मजकूर स्थिर झालेला असतो. बोलणाऱ्यांनी दोन वाक्यांनंतर थांबायचं आणि त्यानं मान हलवली की पुढे बोलायचं, असा घरात नियम आहे. पाहुण्यांना तो दारातच सांगते. सेटिंगमध्ये एक सोयही चालू करून घ्या : शांततेनंतर कुणी बोलायला लागलं की फोन थरथरतो. खोलीत बोलणं सुरू झालं आहे एवढं तरी मामांना विचारावं न लागता कळेल.

भाषणांबद्दल. एका सभागृहात मी दादाला दहाव्या रांगेत घेऊन बसले, फोन मांडीवर. वर पंखे, मागे खोकणारे. चाळीस मिनिटांत धड सात-आठ वाक्यं आली. दादा एक शब्द बोलला नाही, घरी येईपर्यंत माझा हात मात्र सोडला नाही. पुढच्या वेळी आयोजकांना आधी भेटून फोन वक्त्याच्या समोर टेबलावर ठेवला आणि तिथून रेकॉर्ड केलं. फरक जमीन-अस्मानाचा. फोन वक्त्याच्या तोंडाजवळ पाहिजे, ऐकणाऱ्याजवळ असून उपयोग नाही. तासाभराचं भाषण तपासायला मला तीन तास लागतात. रविवारी दुपारी बसते, सोमवारपासून दादा रोज थोडं थोडं वाचतो आणि बुधवारपर्यंत त्याच्या शंका सुरू होतात. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. दीडशे वर्षं पुणं तिथे बसून ऐकतं आहे. तुमचे मामा तिथले जुने श्रोते. यंदाच्या उन्हाळ्यात आयोजकांना भेटा, फोन टेबलावर ठेवू द्या म्हणा. माझ्या अनुभवात कुणी नाही म्हणत नाही, फक्त भाषणाच्या आधी अर्धा तास गाठावं लागतं.

जिथे लिहिलेला मजकूर आधीच असतो तिथे यंत्राच्या वाटेला जाऊच नका. आकाशवाणीच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांचा मजकूर ठेवलेला असतो. दादा सकाळचा चहा झाला की तोच वाचतो.

एक राहिलं. तळहातावर लिहिणं सोडू नका. डिस्प्लेवर मामांना शब्द मिळतील, पण मध्येच तुमचं बोट तळहातावर आलं की कुणीतरी शेजारी बसून आहे हे कळतं. दादा लांब मजकूर वाचताना डावा हात माझ्याकडे मोकळा ठेवतो.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टिपटल खराब आहे. ऐकूही जवळजवळ येत नाही. ब्रेल येत नाही आणि आता शिकणार नाही म्हणतात. त्यांच्यासाठी यातलं काही आहे का?
(हडपसर)

उत्तर : ब्रेलचा आग्रह धरू नका. पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता अशी माणसं थोडी असतात, बहुतेकांकडे काहीतरी उरलेलं असतं. दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचा आजार असेल तर मधलं जातं आणि कड राहते. एक टॅब घ्या, त्यावर लाइव्ह ट्रान्स्क्राइब, अक्षर जास्तीत जास्त मोठं, काळ्यावर पांढरं किंवा पिवळं. टॅब समोर न धरता जरा एका बाजूला धरून बघा, कुठल्या बाजूनं वाचता येतं ते वडीलच सांगतील. एका ओळीत तीन-चार शब्द मावले तरी पुष्कळ.

तेही जमत नसेल तर तळहात. देवनागरी मोठं लिहा, शिरोरेघ देऊ नका (तिनं अक्षरं एकमेकांत मिसळतात), एका अक्षरावर दुसरं लिहिलं तरी चालतं, शब्द संपला की हात फिरवून पुसल्यासारखं करा. पंधरा दिवसांत सरावतात. आणि त्यांना शुद्ध, पूर्ण वाक्यं सांगा. आपण घाईनं 'जेवण', 'गोळी', 'झोपा' एवढंच लिहायला लागतो. माणूस हळूहळू विचारणं सोडून देतो.

प्रश्न : बहीण दिसण्या-ऐकण्यात दोन्हीकडे अधू आहे. प्रमाणपत्रावर फक्त अंधत्व आहे. चालेल का?
(पिंपरी)

उत्तर : बदलून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बहुविकलांगतेखाली बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे, सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातही आहे. दादाच्या वेळी खिडकीमागच्या माणसानं 'दोन्हींतलं जे जास्त आहे ते टाका' म्हणून अर्ज परत दिला होता. मी ऐकून घेतलं आणि त्यात आमची दोन वर्षं गेली, कारण कागदावर जे नाही त्यासाठी उपकरणही मागता येत नाही. ४० सेलच्या डिस्प्लेची किंमत लाखाच्या वर जाते, हे लक्षात घ्या. श्रवणाची तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर नव्यानं अर्ज करा. शिक्षण आणि संवादासाठी माहिती हवी असेल तर मुंबईची हेलन केलर संस्था, १९७७ साली बेरोझ वाच्छांनी उभी केलेली, आणि अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया या दोन्हींना विचारा.

प्रश्न : आम्ही संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचे तीन विद्यार्थी आहोत. बोलणं ओळखून ते हातमोज्यातल्या थरथरीनं बधिरांध व्यक्तीला कळवणारं उपकरण बनवायचं आहे. तुमचं मत हवं आहे.
(पुणे)

उत्तर : मी दादाला तुमचं पत्र वाचायला दिलं. त्यानं विचारलं, 'मोजा घातल्यावर मी चहाचा कप कसा धरू?' त्याची बोटं हेच त्याचे डोळे आणि कान. ती झाकायच्या आधी त्याच्यासारख्या दोन-चार माणसांबरोबर दिवस काढा, अशी माझी विनंती आहे. थरथरीची नवी लिपी शिकायला त्याला वर्ष जाईल, आणि तुमचं वर्ष संपलं की ते उपकरण दुरुस्त कोण करणार? दादा ब्रेल वाचतो. बोटापर्यंतचा रस्ता तयार आहे. त्या रस्त्यानं येणारं मराठी मात्र अजून मोडकंतोडकं आहे.

तेव्हा तिथे हात लावा. दोन माणसं बोलताना कोण बोललं हे ओळखून ओळीच्या आधी खूण घाला. ज्या शब्दाबद्दल यंत्राला स्वतःलाच खात्री नाही, त्याच्या आधी आपोआप प्रश्नचिन्ह यायला हवं; ही खात्री यंत्र आकड्यात मोजतच असतं, आमच्यापर्यंत मात्र पोचत नाही. चालू बोलण्यात वाक्य स्थिर होईपर्यंत ते डिस्प्लेकडे पाठवूच नका. आणि ज्यांच्या आजीची, काकांची मराठी यंत्राला कळत नाही त्यांनी तो आवाज, परवानगी घेऊन, नीट लिहून काढलेल्या मजकुरासह द्यावा. लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, सरकारच्या भाषिणी या भाषा-तंत्रज्ञान प्रकल्पात त्यासाठीच भाषादान आहे. सोलापूरकडची, कोकणातली, खानदेशातली बोली बोलणारे तुमच्या वसतिगृहातच असतील.

दादा तुम्हाला भेटायला तयार आहे. पत्ता संपादकांकडून घ्या, शनिवारी चारनंतर या, तिघांनी एकदम बोलू नका. आत आल्यावर त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवा, तो तळहात पुढे करेल. मग एकेकानं आपलं नाव लिहा, शिरोरेघ न देता.